वीस मिनिटांची पडापडी: मूक विनोदीपट बघायचे कसे

दोन वर्षांपूर्वी कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मूकपट दाखवायचा घाट मी घातला होता. पाण्याच्या टाकीला चादर बांधली, उसना प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला, पोरं पुढे सतरंजीवर, मागे मसाला दूध आटतंय. एक तर चंद्र इतका लख्ख की पडद्यावरचं निम्मं दिसेना. त्यात माझा अभ्यासूपणा आडवा आला. सगळं पहिल्यापासून दाखवायचं म्हणून मी १९१३-१४ मधले एकेका रिळाचे सिनेमे ओळीने लावले. पडद्यावर माणसं धावताहेत, विटा फेकताहेत, एकमेकांच्या ढुंगणावर लाथा घालताहेत, आणि कोण कोणाला कशापायी मारतंय हे खाली कोणालाच कळत नाही. दहाव्या मिनिटाला पोरं पकडापकडी खेळायला उठली. पंधराव्या मिनिटाला एक काका म्हणाले, "दूध झालं असेल बघ."

सिनेमे वाईट नव्हते, माझा क्रम चुकला होता. तेव्हापासून घरात, मित्रांकडे, पुन्हा त्याच गच्चीवर हे सिनेमे बऱ्याच जणांना दाखवून झालेत. काय चालतं, काय पडतं याचा जो अंदाज आला तो इथे लिहितोय. त्याआधी एक किल्ली देऊन ठेवतो. कुठलाही मूक विनोदीपट सुरू झाला की पहिल्या दोन मिनिटांत स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: या माणसाला काय हवंय? आणि त्याच्या हाताशी काय आहे? उत्तरं मिळाली की पुढची पडापडी आपोआप हसवते. नाही मिळाली, तर आमच्या गच्चीवर झालं तेच होणार.

काठी आणि रीळ

या पडापडीच्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात, आणि स्लॅपस्टिक ही खरोखरची काठी होती. इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकात दोन पातळ फळ्या एका टोकाला जोडून ती केलेली असे. पाठीत घातली की फळ्या एकमेकींवर आपटून फाटकन आवाज व्हायचा. मार खाणाऱ्याला फारसं लागायचं नाही, पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाटायचं, चांगलाच हाणला. आता गंमत बघा. ज्या विनोदाचं नावच आवाजावरून पडलं, तो सगळ्यात जास्त फोफावला तो बिनआवाजाच्या सिनेमात. तो 'फाट' आपण मनातल्या मनात ऐकायचा.

दुसरा शब्द रीळ. ३५ मिलिमीटरच्या फितीचं एक रीळ साधारण १,००० फुटांचं, आणि फुटाला १६ चौकटी. म्हणजे भरलेल्या रिळात १६,००० चित्रं. सेकंदाला १६ या वेगाने दाखवली तर जवळपास १७ मिनिटं, २४ च्या वेगाने दाखवली तर ११. हा हिशोब लक्षात असू द्या, लगेच लागणार आहे. सुरुवातीचे विनोदीपट एका रिळाचे किंवा त्याहून लहान, नंतर दोन रिळांचे. आपण बघणार आहोत ते बहुतेक दोन रिळांचे, म्हणजे चहा घेता घेता संपतील इतके.

प्रत निवडताना घाई नको

नवख्या माणसाचा विरस बहुतेक वेळा इथेच होतो. यूट्यूबवर एकाच सिनेमाच्या दहा-बारा प्रती पडलेल्या असतात, आणि सर्वांत वर येते ती चांगली असेलच असं नाही. सिनेमाचं नाव इंग्रजीत, पुढे साल, आणि 'रिस्टोअर्ड' हा शब्द टाकून शोधा. जुन्या फिती जपणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या दोन संस्था, पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स आणि इटलीतल्या बोलोन्याची सिनेमाथेक, यांनी चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांच्या सिनेमांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांची नावं सुरुवातीच्या पाटीवर दिसली तर निर्धास्त बघायला बसा.

प्रत उघडल्यावर आधी रस्त्याने जाणारी माणसं बघा. नायक नको, मागची साधी माणसं. ती मुंग्यांसारखी तुरुतुरु पळत असतील तर वेग चुकलाय. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला १६ ते २० चौकटी, कधी थोड्या जास्त. बोलपट आल्यावर २४ चा वेग ठरला आणि जुन्या फिती त्या वेगाने दाखवल्या जाऊ लागल्या. 'जुन्या सिनेमात माणसं अशीच टुणटुण चालतात' हा आपला समज तिथूनच आला. मात्र एक पथ्य: विनोदीपटवाले पाठलागाच्या वेळी मुद्दामच कॅमेरा हळू फिरवायचे, म्हणजे दाखवताना सगळं किंचित वेगात दिसेल. तेव्हा थोडी चपळाई ही त्यांचीच इच्छा, पण माणूस दाराची कडी कशी उघडतो तेही दिसेनासं झालं तर दुसरी प्रत शोधा. दोन प्रतींची लांबी ताडून बघितली तरी बरंच कळतं. आखूड प्रत एक तर जास्त वेगात चालतेय, नाही तर मध्ये कुठे तरी कापलेली आहे. मी लांब असलेली आधी उघडतो.

मग पाय बघा. या सिनेमात निम्मा अभिनय गुडघ्याखाली असतो. खालची कड कापलेली असेल, चॅप्लिनचे बूट दिसत नसतील, तर ती प्रत ठेवून द्या. कधी दोष प्रतीचा नसतो, आपल्या टीव्हीचा असतो. सेटिंगमध्ये चित्र ताणून पडदा भरण्याची सोय चालू असते, ती बंद करा. मूळ चित्र जवळपास चौरस आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की समजा बरोबर लागलंय.

राहिला आवाज. मूकपट सहसा शांततेत बघितले जात नसत, थिएटरात बहुधा पियानो नाही तर वाद्यवृंद असायचा. चॅप्लिनच्या काही सिनेमांवर १९३०च्या दशकात संगीत आणि ठॉक-ठुक आवाज चिकटवून ते पुन्हा बाजारात आणले गेले, त्या प्रती अजून फिरताहेत. माझं मत विचाराल तर नुसता पियानो असलेली प्रत घ्या. प्रत्येक आपटण्यावर 'बोइंग' वाजायला लागलं की आपण मनात ऐकायचं विसरतो. तशी प्रत नाही मिळाली तर सरळ आवाज बंद करा आणि घरातल्या कोणाला तरी मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्या मोठ्याने वाचायला सांगा. आमच्याकडे हे काम आजोबा करतात. ते पाटीवर नसलेलंही वाचतात, आणि आमची हरकत नसते.

हक्काबद्दल थोडंसं. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ सिनेमे मोकळे आहेत. पण नवं पार्श्वसंगीत ज्याने केलं त्याचा हक्क त्याच्याकडे असतो. तिकीट लावून दाखवणार असाल तर चौकशी करून घ्या.

पहिल्या दिवशी: कीटनचं घर

सुरुवात बस्टर कीटनच्या १९२०च्या 'वन वीक'पासून करा. चॅप्लिनपासून का नाही? चॅप्लिन आपल्या डोक्यात आधीच बसलेला असतो. मिशी, छडी, फेंगडी चाल. आपण त्याला ओळखतो म्हणून हसतो, बघत नाही. कीटनचा चेहरा मात्र कोरा. तो हसत नाही, घाबरत नाही, रडत नाही, त्यामुळे आपली नजर आपसूक त्याच्या अंगाकडे आणि भोवतालच्या वस्तूंकडे जाते. हे सिनेमे बघायची सवय लागते ती तिथे.

दोन प्रश्नांची उत्तरं इथे पहिल्या काही मिनिटांतच मिळतात. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला घर हवंय. हाताशी आहे आहेरात आलेलं सुटं घर: नंबर घातलेल्या पेट्या, नंबराच्या क्रमाने जोडत जायचं. बायकोवर आधीपासून डोळा असलेला एक जण पेट्यांवरचे नंबर बदलून ठेवतो. संपलं. आता पुढची वीस मिनिटं काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, कीटनला नाही. तो मन लावून, सूचनांप्रमाणे, चुकीचं घर बांधतो. वरच्या मजल्याचं दार थेट हवेत उघडतं. खिडक्या तिरक्या. पियानो आत ओढायला छताला दोर बांधला तर पियानोऐवजी छतच खाली येतं.

बघताना एक लक्षात ठेवा. हे घर खरं होतं. वादळात ते गरगर फिरतं ते फिरत्या चकतीवर बांधलेलं होतं म्हणून, आणि त्या फिरत्या घरात शिरायला माणसं धावतात, आपटतात, बाहेर फेकली जातात, ती सगळी खरी माणसं. कीटन १८९५चा. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर काम करायचा आणि त्या कामात बाप त्याला अक्षरशः उचलून फेकायचा. फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली असे. पडायचं कसं हे त्याच्या अंगात तेव्हापासून मुरलेलं.

शेवटचा प्रसंग कथा कळली तरी बिघडत नाही, म्हणून सांगतो. घर चुकीच्या जागेवर बांधलंय असं कळतं. ते ओढत नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. नवरा-बायको डोळे झाकून बाजूला होतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. गच्चीवर दुसऱ्या वर्षी हा सिनेमा लावला तेव्हा इथे सगळे हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या, आणि त्या टाळ्या चालू असतानाच उलट्या बाजूने दुसरी गाडी आली आणि घराचा भुगा करून गेली. दुधाची आठवण कोणाला झाली नाही.

हाच प्रसंग लगेच पुन्हा लावून बघा. पहिली गाडी येताना कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. दोन रूळ वेगळे आहेत हे त्या कोनातून कळूच नये, अशी ती जागा आहे. चौकटीत जे दिसत नाही ते पात्रांनाही दिसत नाही, असा कीटनचा साधा नियम. त्याचे निम्मे विनोद यावरच उभे आहेत.

आवडला तर त्याच आठवड्यात १९२२चा 'कॉप्स' बघून टाका. एक माणूस आणि त्याच्यामागे लागलेलं अख्खं पोलीसदल, एवढंच कथानक. १९२०पासून तीन-चार वर्षांत कीटनने असे १९ लघुपट केले. सगळे सारखे नाहीत, पण वाया गेलेली संध्याकाळ क्वचितच.

मग चॅप्लिन, पण एकच प्रसंग

आता चॅप्लिनकडे वळा. त्याने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी १२ दोन-रिळी सिनेमे केले. आठवड्याला १०,००० डॉलर पगार, त्या काळात डोळे फिरवणारा. पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रण करायची मुभा त्याला होती. 'द इमिग्रंट'मध्ये त्याने हॉटेलचा प्रसंग आधी चित्रित केला, आणि ही माणसं आली कुठून याचं उत्तर शोधता शोधता जहाजाचा भाग नंतर सुचला. म्हणजे सिनेमाचा दुसरा अर्धा आधी, पहिला नंतर.

पण नवख्यांनी 'द पॉनशॉप' घ्यावा, १९१६चा. तारण घेणाऱ्या सावकाराचं दुकान, चार्ली तिथला नोकर. सिनेमा सगळा बघा, पण एक प्रसंग दोनदा बघा. गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला येतो. त्याला पैसे हवेत, चार्लीला घड्याळाची किंमत ठरवायचीय. हाताशी आहे ते घड्याळ आणि काउंटरवरची अवजारं.

चार्ली आधी घड्याळाला स्टेथोस्कोप लावतो. टिचक्या मारून छाती तपासावी तसं तपासतो. इथे तो डॉक्टर आहे. मग गिरमिट घेऊन भोक पाडायला बघतो. मग डबा फोडायचं अवजार काढतो, घड्याळाचं झाकण टिनाच्या डब्यासारखं कापतो आणि आत नाक घालून वास घेतो. वास आवडत नाही. आता ते घड्याळ म्हणजे खराब झालेला डबाबंद माल. टेलिफोनचा तोंडाजवळचा भाग डोळ्याला लावतो, झाला सराफ. पकडीने आतलं काहीतरी दात उपटावा तसं उपटतो. स्प्रिंग बाहेर ओढून कापडवाल्यासारखी हातावर मोजतो. काउंटरवर सांडलेले तुकडे वळवळायला लागतात, तर त्यांच्यावर तेलाचे थेंब टाकतो, किड्यांवर औषध मारावं तसे. शेवटी सगळा कचरा गोळा करून गिऱ्हाइकाच्याच टोपीत भरतो आणि मान हलवतो: नाही चालणार.

पहिल्यांदा बघताना तुम्ही चार्लीकडे बघाल. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाकडे बघा. तो नट, अल्बर्ट ऑस्टिन, जवळजवळ काहीच करत नाही. तोंड थोडं उघडं, नजर घड्याळावर. त्याने मध्येच एकदा जरी आरडाओरडा केला असता तर प्रसंग तिथेच संपला असता. सरकारी कार्यालयाच्या खिडकीपलीकडे आपल्या कागदाचं काय चाललंय ते बघत उभा राहिलेला माणूस आठवा, तोच चेहरा. कॅमेराही फारसा हलत नाही. बघायचं ते हातांत आहे, हे त्याला माहीत आहे.

म्युच्युअलच्या या सिनेमांत धिप्पाड खलनायक हवा असेल तर एरिक कँपबेल शोधा. 'ईझी स्ट्रीट'मध्ये तो ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसच्या दिव्याचा खांब वाकवतो, आणि चार्ली त्याचं डोकं त्याच दिव्यात अडकवून गॅस सोडतो. कँपबेल १९१७च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला. चॅप्लिनला पुढे तसा जोडीदार मिळाला नाही असं मला वाटतं.

लॉरेल-हार्डी: घाई करायची नाही

पहिल्या दोघांनी वेगाची सवय लावली की हे दोघे ती मोडतात. १९२९चा 'बिग बिझनेस' घ्या. कॅलिफोर्नियात दारोदार नाताळची झाडं विकायची, एवढंच त्यांना हवंय. जेम्स फिनलेसन नावाच्या टकल्या, मिशाळ घरमालकाला झाड नकोय. झाडाची फांदी दारात अडकते, पुन्हा बेल वाजवावी लागते, पुन्हा अडकते. मालक कात्रीने झाड कापतो. हे त्याच्या दाराचं काहीतरी तोडतात. तो यांच्या मोटारीचं. बघता बघता एकीकडे घर आणि दुसरीकडे मोटार जमीनदोस्त.

यात बघायचं ते हे: एक जण तोडफोड करत असताना दुसरा अडवत नाही. तो शांतपणे उभा राहून बघतो, विचार करतो, आणि मग आपली पाळी घेतो. शिष्टाचार पाळून केलेलं भांडण आहे ते. कोपऱ्यात एक पोलीसही आहे. अडवायचं सोडून वहीत टिपणं घेतोय. वाड्यातली नळावरची भांडणं बघत वाढलेल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

याच बैठकीला जोडायला हॅरल्ड लॉइडचा १९२१चा 'नेव्हर वीकन' चालेल, उंच इमारतीच्या अर्धवट सांगाड्यावर चाललेली धडपड. १९१९मध्ये छायाचित्र काढताना नकली समजून धरलेला बाँब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. तो इमारतींवर चढतोय ते पुढचे सगळे सिनेमे त्या हातावर कृत्रिम बोटांचा मोजा चढवून केलेले आहेत.

खुपेल ते

मुलांना दाखवणार असाल तर आधी स्वतः बघून घ्या. मारहाणीचं काही नाही, पोरांना ती लुटुपुटूची आहे हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. पण तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल हा त्या काळचा सर्रास प्रकार आहे आणि चांगल्या सिनेमांतही आहे. कीटनचा १९२१चा 'द प्लेहाऊस' घ्या. एकाच चौकटीत नऊ कीटन शेजारी शेजारी बसलेले दिसतात. भिंगापुढे झाकण, एका वेळी एकच पट्टी उघडी, चित्रण करायचं, फीत मागे घ्यायची, पुढची पट्टी. असं नऊ वेळा, आणि दर वेळी कॅमेरामन एल्जिन लेस्लीच्या हाताची गती तीच. इतकी अवघड करामत, आणि ते कीटन तोंडाला काळं फासून बसलेत. मी तो सिनेमा दाखवतो, पण दाखवायच्या आधी हे सांगतो.

आता मागे जा

हे सगळं झालं की कोजागरीला मी जिथून सुरुवात केली तिथे या. मॅक सेनेटने १९१२मध्ये लॉस एंजेलिसजवळ कीस्टोन कंपनी काढली, आणि धडपडणाऱ्या पोलिसांची टोळी तिथलीच. मेबल नॉर्मंडकडे लक्ष ठेवा. ती तिथली मोठी तारका तर होतीच, १९१४मध्ये नवख्या चॅप्लिनचे काही सिनेमे तिने दिग्दर्शितही केले.

असल्या फुटकळ विनोदी फिती तेव्हा जगभर मुख्य खेळाला जोडून दाखवल्या जात. आपल्याकडेही तेच. १९१३च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा जाहिरातीत त्याच्याबरोबर पायांनी कसरत करणारा कलावंत होता, नाच होता आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' नावाच्या विनोदी फिती होत्या. पुढच्या जानेवारीत 'मोहिनी भस्मासुर' आला तेव्हा फाळक्यांनी जोडीला स्वतःचाच छोटा विनोदीपट दिला, 'पिठाचे पंजे'.

कीस्टोनमधला एकच निवडायचा तर १९१४च्या फेब्रुवारीतला 'किड ऑटो रेसेस अ‍ॅट व्हेनिस'. अर्ध्या रिळाचा. चॅप्लिनचा तो भटका पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो यात. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावात पोरांच्या खेळण्यातल्या मोटारींची शर्यत चाललीय, ती खरी आहे, बघे खरे आहेत. एक कॅमेरावाला तिचं चित्रण करतोय. आणि टोपी-छडीवाला एक माणूस सारखा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला ढकलतात, तो परत येतो. लाथ घालतात, परत येतो. टीव्हीचा बातमीदार बोलत असताना त्याच्या मागे येऊन हात हलवणारा माणूस आपण रोज बघतो, तोच हा.

काय हवंय? चौकटीत राहायचंय. हाताशी काय आहे? समोर चालू असलेला कॅमेरा. एवढ्यावर त्याने तो सिनेमा रेटलाय. शेवटी सगळं बाजूला सारून तो थेट भिंगाजवळ येतो, आणि पडदाभर त्याचं वेडंवाकडं केलेलं तोंड उरतं.